मोटरहोममध्ये ट्रेलर ब्रेक कंट्रोलर बसवताना

ट्रेलर ब्रेक कंट्रोलर म्हणजे मागे जोडलेल्या ट्रेलरचे ब्रेक चालवणारी तळहाताएवढी पेटी, आणि तिच्यातून जेमतेम चार वायर बाहेर येतात. काम एका दुपारी उरकेल असा माझा अंदाज होता; प्रत्यक्षात तीन दिवस गेले आणि त्यांतले अडीच दिवस मी त्या पेटीपासून दूर, गाडीखाली पाठीवर पडून होतो. चालकाचा पाय पुढच्या टोकाला, हुक मागच्या टोकाला आणि मधे बारा मीटरचे घर, ही मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, खरी अडचण आहे.

ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये ना तेल, ना हवा. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला आतून चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली दांडी ब्रेकशू फाकवते. किती करंट सोडायचा, एवढेच कंट्रोलर ठरवतो. साधे कंट्रोलर पेडल दाबल्यापासून ठरावीक गतीने करंट वाढवत नेतात, तर प्रपोर्शनल प्रकारचे कंट्रोलर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे आतल्या सेन्सरने मोजून त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक लावतात. मी प्रपोर्शनल घेतला. त्यासाठी पेटी गाडीच्या दिशेला समांतर आणि न हलणाऱ्या जागी बसवावी लागते. माझ्या डॅशबोर्डचे प्लॅस्टिक बोटाने दाबले तरी लवत होते, म्हणून आतल्या लोखंडी चौकटीपासून ॲल्युमिनियमची पट्टी काढून तिच्यावर ती कसली.

आता वायरकडे वळतो. माझ्या गाडीचे इंजिन मागे आहे आणि चासीची बॅटरीही मागेच. म्हणजे काळ्या वायरने सप्लाय बारा मीटर पुढे आणायचा आणि निळ्या वायरने तोच ब्रेकसाठी पुन्हा बारा मीटर मागे न्यायचा. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये चार चुंबक असतात. प्रत्येकी सुमारे 3 अँपिअर धरले तरी एकूण करंट 12-13 अँपिअरच्या घरात जातो. 24 मीटर लांबीसाठी 2 चौरस मिलिमीटरची वायर वापरली, तर अडीच व्होल्टच्या वर वाटेतच खर्च होतात आणि ब्रेक मवाळ पडतो. 10 चौरस मिलिमीटरची वापरली, तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास भागते. मी 10 ची घेतली. ती वाकवताना हाताला फोड आले, पण त्या निर्णयाचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

सप्लाय चासीच्या बॅटरीवरूनच घ्यावा. घरातले दिवे आणि फ्रीज चालवणारी बॅटरी रात्रभरात उतरलेली असू शकते. बॅटरीजवळच 20 अँपिअरचा, आपोआप पुन्हा जोडला जाणारा सर्किट ब्रेकर बसवला, कारण उतारावर फ्यूज उडाला तर ट्रेलरचा ब्रेकच जातो. पांढरी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. मात्र तिच्यातून थोडाच करंट वाहतो. चुंबकांचा सगळा करंट परतताना ट्रेलरचा प्लग जिथे लागतो त्या सात पिनच्या सॉकेटमधल्या अर्थ पिनमधून येतो. ती वायर बारीक असेल किंवा अर्थसाठी हुकच्या गोळ्यावर भिस्त ठेवलेली असेल, तर पुढची सगळी जाड वायर वाया गेली म्हणून समजावे.

राहिली लाल. ती पेडल दाबल्याची खबर कंट्रोलरला देते, आणि नेमकी इथेच माझी फजिती झाली. स्टिअरिंगखालच्या जुडग्यात टेस्ट लॅम्प लावून, पेडल दाबल्यावर पेटणारी एक वायर मी शोधली आणि लाल तिला जोडून मोकळा झालो. संध्याकाळी मुलाला मागे उभे केले आणि एकेक दिवा लावत गेलो. डावा इंडिकेटर लावताच तो ओरडला, “बाबा, ब्रेक वाजतोय!” खाली उतरून ट्रेलरच्या चाकाला कान लावला, तर दिव्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर ड्रममधून टक्, टक् असा बारीक आवाज येत होता. माझ्या गाडीत मागचा एकच दिवा ब्रेकलाइट आणि इंडिकेटर अशी दोन्ही कामे करतो, आणि मी वायर पकडली होती ती इंडिकेटरच्या स्विचपुढची. वळण घेताना ट्रेलरला धक्क्याधक्क्याने ब्रेक लागला असता. लाल वायर ब्रेकलाइटच्या स्विचवरच जोडायची असते, आणि तीही पेडल दाबल्यावरच सप्लाय येणाऱ्या बाजूला. एअर ब्रेकच्या गाडीत हा स्विच बहुधा हवेच्या दाबावर चालतो आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हजवळ हवेच्या लाइनवर असतो. मी तो पेडलपाशी शोधत अर्धा दिवस घालवला.

जोडासाठी वायरला चावा घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मी वापरल्या नाहीत. वायरच्या टोकांना थिंबल (धातूची टोपी) दाबून वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवली, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू न देणारी कडी) घातले आणि सायलेन्सरपासून अंतर राखले. शेवटी कंट्रोलरची हातकळ (पेडलशिवाय फक्त ट्रेलरचा ब्रेक लावणारी) पूर्ण दाबून निळ्या वायरवर डीसी क्लॅम्पमीटर, म्हणजे वायर न कापता करंट मोजणारा चिमटा, लावला तेव्हा 12 अँपिअर दिसले, बॅटरीवर 12.6 आणि मागच्या सॉकेटवर 12.0 व्होल्ट भरले.

ब्रेकचा जोर रिकाम्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ठरवला. आधी चार-पाच वेळा थांबून ड्रम गरम केले. मग ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना फक्त हातकळ दाबायची आणि ट्रेलरची चाके जाम होऊ लागली की जोर किंचित कमी करायचा. एवढ्या लांब गाडीत चाके जाम झालेली आपल्याला कळत नाहीत, म्हणून मुलगा रस्त्याच्या कडेला दूर उभा राहून फोनवर सांगत होता. ट्रेलर तुटून सुटला तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे पिन मात्र सात पिनचा प्लग काढूनच तपासावी. प्लग लावलेला असताना ती ओढली, तर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट निळ्या वायरने उलटा येऊन कंट्रोलर जाळू शकतो. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरसाठी जोराचे आकडे वेगळे आले. ते दोन्ही कागदावर लिहून पेटीखाली चिकटवले आहेत.