गाव आधी कानावर येतं

माझ्या पहाटेच्या सायकलफेरीत दुसऱ्या गावाच्या अलीकडे रस्ता जरा खाली उतरतो. उतार काही फार मोठा नाही. मोटारीतून जाणाऱ्याला तो असल्याचा पत्ताही लागत नाही. सायकलवर मात्र तो डोळ्यांच्या आधी गुडघ्यांना कळतो. उतरता उतरता गारवा पोटऱ्यांवरून चढत चढत छातीपर्यंत येतो, कान दुखायला लागतात, डोळ्यांतून पाणी येतं. मग मोरी ओलांडायची, पलीकडच्या चढाला लागायचं, पाच-पन्नास वेळा पाय मारायचे, की तो गारवा जसा आला तसा मागच्या मागे गळून पडतो. जणू गळाभर पाण्यातून चालत येऊन काठावर चढलो.

पाण्याची ही उपमा अगदीच कवितेतली नाही. रात्री आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड. ती उताराउताराने घरंगळत सखल जागी जाऊन साचते. म्हणजे रोज पहाटे मी एका न दिसणाऱ्या डबक्यात सायकल घालतो आणि पलीकडून बाहेर काढतो. ऊन वर आलं की डबकं आटतं. म्हणून निघायचं ते उजाडायच्या आत.

निघण्यात सांगण्यासारखं काही नाही. गजर वाजतो, मी त्याला पाच मिनिटांचा वायदा करतो, तो पुन्हा वाजतो. अंधारातच दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायचे, मागचा नेहमी जरा नरम लागतो, चार दट्टे मारायचे आणि टांग टाकायची.

एकट्यानेच जायचं, हेही आता ठरून गेलंय. मध्यंतरी एक मित्र बरोबर यायचा. माणूस चांगला, पण हँडलवर फोन लावलेला आणि नजर त्याच्यावर. परतलो की सरासरी वेग किती पडला ते दशांश चिन्हापर्यंत तोंडपाठ, आणि वाटेतल्या तळ्यावर धुकं होतं की नव्हतं, ते दोघांनाही आठवेना. आणि फोनलाच कशाला दोष द्यायचा? गप्पांचंही तेच होतं. दोघे बोलत निघाले की गावं नुसती बाजूने सरकतात.

एकटं असलं की गाव आधी कानावर येतं. दिसायला अजून दोन वळणं बाकी असतात, तेवढ्यात कोंबडा आरवतो, त्याला दुसरा उत्तर देतो. मग बादलीच्या कडीचा खणखणाट. मग कुणीतरी कुणाला हाक मारतं, आणि ती इतकी स्वच्छ येते की ज्याला मारली त्याच्या आधी आपणच ‘ओ’ द्यावी. दुपारी त्याच वळणावर थांबून कान टवकारले तरी यातलं काही ऐकू येत नाही. पहाटे खाली गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. वर निघालेला आवाज त्या थरात वाकतो आणि पुन्हा जमिनीकडे वळतो. गारव्याचं डबकं आणि लांबून आलेली हाक, दोन्हींचं मूळ एकच.

अर्थात ऐकायचं तर आपलं वाहन गप्प हवं. त्याचं श्रेय एका पशुवैद्याला द्यावं लागतं. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांच्या मुलाची तीनचाकी भरीव चाकांमुळे खडखड करत दणके देत होती. बापाने तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. त्याच्याही आधी, चाकाला लोखंडी पट्टी असायची तेव्हा, इंग्लंडात सायकलला नावच पडलं होतं हाडं खिळखिळी करणारी. तिच्यावर बसून कुणाला कोंबडा ऐकू आला असेल असं वाटत नाही. माझ्या सायकलचा आवाज म्हणजे टायरची ओल्या डांबरावरची सरसर आणि पाय थांबवले की फ्रीव्हीलची टिकटिक. निजलेल्या घरात शिरताना बायका बांगड्या वर सारून घेतात तसा मी गाव आलं की टिकटिक होऊ नये म्हणून उतारावरही उगाच हळूहळू पाय हलवत राहतो. झोपलेल्यांची झोपमोड कशाला.

कुत्र्यांना ही सभ्यता कळत नाही. त्या मोरीवर एक तांबडा कुत्रा आहे. माझी चाहूल लागली की तो कठड्याआडून असा काही निघतो, की आता पोटरी गेलीच. पूर्वी मी पाय जोरात मारायचो. ती चूक. पळणाऱ्या चाकामागे धावणं हा त्याचा धर्म, आणि मीच त्याला ते चाक पुरवत होतो. आता मी ब्रेक लावतो, खाली उतरतो, सायकल दोघांच्या मध्ये धरतो आणि चालायला लागतो. त्याचा सगळा आवेश जागच्या जागी गळतो. एवढं भुंकलो आणि हा साधा माणूसच निघाला, असा त्याचा चेहरा होतो. चार पावलं तो माझ्याबरोबर चालतो, मग बाजूच्या दगडाचा वास घेतो, जणू तो त्यासाठीच आला होता.

परवा तिसऱ्या गावाच्या चढावर चेन पडली. पाय एकदम पोकळीत गेला. सायकल बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि बसलो चेनशी झगडत. मागच्या चक्रावर बसवली की पुढून निसटायची, पुढे बसवली की मागून. बोटं काळी, त्यातलं एक सोललेलं. समोरच्या बुटक्या भिंतीवर एक आजोबा बसले होते. ते किती वेळ बघत होते कोण जाणे. शेवटी राहवलं नाही त्यांना.

“अहो, वरून नका चढवू. खालच्या दात्यांना अडकवा आणि पायडल उलटं फिरवा.”

अडकवलं, फिरवलं, खट्‌कन बसली. दवाने भिजलेलं गवत ओरबाडून मी बोटं पुसत होतो, तर पुढचा प्रश्न आला.

“कुठं निघालात?”

“कुठं नाही. असंच. फिरायला.”

“असंच म्हणजे?”

“म्हणजे… पुढच्या गावापर्यंत जायचं आणि परत.”

“तिथं काम काही नाही?”

“नाही.”

“जिथून निघालात तिथंच परत जायचं?”

“हो.”

त्यांनी जरा वेळ विचार केला. “बरंय मग,” ते म्हणाले, “वाट तरी चुकणार नाही.”

पुढचे दोन किलोमीटर मी एकटाच हसत गेलो. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं हेही खरं. एक दाखला मात्र नंतर सुचला. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने स्वतः बनवलेली लाकडी दुचाकी मॅनहाइमच्या बाहेर काढली. पायडल नाही, चेन नाही, बसायचं आणि जमिनीला पाय मारत पुढे जायचं. तो शहराबाहेरच्या एका पांथस्थगृहापर्यंत गेला आणि आला तसा परत फिरला. जाऊन-येऊन साधारण तेरा-चौदा किलोमीटर, तेही तासाभरात. दुचाकीची नोंद असलेली ही पहिली फेरी. यंत्र चालतं हे त्याला लोकांना दाखवायचं होतं, मान्य. पण पांथस्थगृहाशी त्याचं काही काम नव्हतं. वाटेत भिंतीवर बसून कुणी विचारलं असतं, तर त्यालाही जरा अडखळावंच लागलं असतं.

परत फिरेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, आणि उन्हाबरोबर वारा. जमीन तापायला लागली की रात्रभर थरांनी निजलेली हवा हलते, खालची वर आणि वरची खाली होते, आणि हा वारा दर वेळी समोरूनच कसा येतो हे मला न सुटलेलं कोडं आहे. जाताना मागून ढकलत असतो तेव्हा तो वारा वाटत नाही, आपल्या पायांतली ताकद वाटते. समोरून आला की मात्र हिशेब कळतो. वेग दुप्पट करायला जावं तर हवेचा अडथळा चौपट होतो, आणि पायांवरचा भार त्याहूनही वाढतो. म्हणून मी भांडत नाही. मान खाली घालून, कोपरं दुमडून, मुकाट्याने. वाटेत माणसं भेटतात, खांद्यावर अवजारं, हातात डबे, मोटारसायकलींवर दोघं-तिघं. सगळ्यांना कुठेतरी पोचायचं असतं.

भिंतीवर आजोबा होतेच. सूर्य फिरला तसे तेही दोन हात सरकून सावलीत बसले होते.

“आलात?”

“आलो.”

“चेन?”

“बसली ती बसलीच.”

गावाच्या आवाजाचं मात्र तोवर वाटोळं झालेलं होतं. तेच कोंबडे, तीच माणसं, पण आता अगदी जवळ जावं तेव्हा ऐकू यायची. मी त्यांच्यामधून निघालो आणि दुसरं गाव मागे टाकून उताराला लागलो. मोरी जवळ आली तशी सवयीने कोपरं अंगाशी घेतली, खांदे आवळले, दात आवळले.

काहीच झालं नाही. हवा वर होती तशीच खालीही, कोमट. कठड्यावर तांबडा कुत्रा उन्हात आडवा पसरला होता. त्याने एक कान उचलला, चाक पळतंय हेही त्याला दिसलं, आणि कान पुन्हा खाली ठेवला.