पहिली पावती

अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी गोव्यातल्या चोडण बेटावर घरोघर फिरले होते. रायबंदरहून फेरीबोट, हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि प्रश्न एकच: खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, खारं पाणी शिरू नये म्हणून बांध आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) दुरुस्तीला वर्षाला किती रुपये द्याल?

पहिल्याच घरातल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाय, बाकीचे किती देतात?"

ते ऐकून मीच गडबडले आणि आकडे सुचवायला लागले. कुठे पन्नासपासून चढत जायचे, कुठे पाचशेपासून उतरत यायचे. पन्नासवाले शंभरावर अडायचे, पाचशेवाले घासाघीस करत तीनशेवर टेकायचे. बांध तोच, गाव तोच.

घरी सांगितलं तर बाबा हसले. देवळाच्या जत्रेची वर्गणी ते वर्षानुवर्षं गोळा करायचे. पावतीपुस्तकातली पहिली पावती मुद्दाम गावातल्या सधन माणसाच्या नावाने फाडायची, म्हणजे पुढचा माणूस ते अर्धुक बघूनच खिशात हात घालतो. आमच्या पुस्तकात याला आरंभबिंदूचा दोष म्हणतात. बाबांना तो दोष वाटत नव्हता!

अलास्कात १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा निसर्गाच्या नुकसानीची किंमत ठरवणाऱ्या असल्या सर्वेक्षणांवरून मोठा वाद झाला. एका अभ्यासात तेलाच्या डबक्यांत मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल, असं विचारलं होतं. २,००० पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर आले, २०,०००साठी ७८ आणि २,००,०००साठी ८८. पक्षी शंभरपट झाले, रक्कम जवळपास तीच. १९९३मध्ये अर्थतज्ज्ञ ॲरो आणि सोलो यांच्या समितीने सुचवलं की 'किती द्याल' विचारू नका; एक रक्कम सांगा आणि मतदानासारखं हो किंवा नाही घ्या.

म्हणून मी फॉर्म बदलला. प्रत्येक घराला एकच आकडा, कुठला तो चिठ्ठी काढून. आता घासाघीस थांबली, पण एका बाईंनी सुपातले तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, "पैसे कोणाकडे जाणार?"

"शेतकऱ्यांच्या असोसिएशनकडे."

"मग नाही. मानशीच्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो, ते पैसे कुठे जातात ते आधी सांग."

त्यांचं शेत बांधाला लागूनच होतं. मी 'नाही'वर खूण केली. शेजारी पेन्सिलीने 'लिलाव' एवढंच लिहिलं, कारण एक्सेलच्या त्या रकान्यात फक्त १ किंवा ० बसत होतं.