एचटी लाईनचा नॉईज: खांब सापडला, तक्रार घेईना कोणी

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या रिगवर (सेटवर) 40 मीटर बँड लावला की एचटी म्हणजे उच्चदाबाच्या वीजलाईनमुळे ज्यांना नुसतं घर्रर्र ऐकू येतं त्यांच्यासाठी लिहितोय, आणि खरं सांगायचं तर वीज ऑफिसवरचा राग अजून उतरला नाही म्हणून पण.

उन्हाळ्यात आमच्याकडे 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच 40 मीटरवर, नॉईजमुळे एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) एस9 च्या खाली येईना, सकाळच्या नेटवरची, म्हणजे ठरल्या वेळी हॅम लोक एकत्र बोलतात तिथली, लांबची स्टेशनं सगळी गायब. आधी घरचा मेन स्विच पाडा आणि रिग 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. नॉईज गेला तर कारण घरातच, एलईडीचा ड्रायव्हर, चार्जर, इन्व्हर्टर असलं काहीतरी. आमचा तसाच राहिला. मग आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म बघितला, दर 10 मिलिसेकंदाला एक झुपका, म्हणजे 50 हर्ट्झच्या प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ठिणगी. शिवाय वळवाची सर आली की बँड एकदम स्वच्छ आणि कोरडा वारा सुटला की परत चालू, कारण सैल जोडात जिथं ठिणगी पडते ती बारीक गॅप ओलाव्यानं जोडली जाते.

खांब शोधायला एचएफवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर, फिरू नका. तिथं तार नॉईज लांबवर वाहून नेते, कुठल्याही खांबाखाली उभं राहिलं तरी हाच तो असं वाटतं. फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका नॉईज जवळ गेल्यावरच ऐकू येतो. मी आधी हँडीवर (हातातल्या सेटवर) विमानांचा एअरबँड लावून फिरलो, मग एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि मेजरटेपच्या पट्ट्यांची घरी केलेली यागी, म्हणजे एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना, घेऊन 144 मेगाहर्ट्झला, शेवटी 430 च्या आसपास. मोड एएमच ठेवा, एफएममध्ये हा नॉईज दबतो. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) पुढं उसाच्या बांधावर 11 केव्हीचा एक खांब, त्याच्याकडे यागी वळवली की आवाज चढायचा, बाजूला नेली की पडायचा. खांबाचा नंबर लिहून घेतला.

इथपर्यंत मजा होती. खरा वैताग ऑफिसात. अ‍ॅपवर तक्रारीचे प्रकार म्हणजे लाईट नाही, व्होल्टेज कमी, मीटर, बिल. यात माझं कुठंच बसेना म्हणून समक्ष गेलो तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "घरात लाईट आहे ना? मग तक्रार कसली?" म्हटलं साहेब, खांबावर स्पार्किंग होतंय, त्यानं रेडिओ बंद पडलाय. तर म्हणे "रेडिओ आता ऐकतं कोण?" डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाच्या, हॅम लायसन्सची झेरॉक्स पुढं ठेवली, 2001 च्या भूज भूकंपात फोन बंद असताना हॅम लोकांनीच निरोप पोचवले हे पण सांगितलं, त्यांनी कागद बघितला सुद्धा नाही. शेवटी व्होल्टेजच्या खाली नोंद केली आणि संध्याकाळी मेसेज, वीजपुरवठा सुरळीत केला, तक्रार बंद. अहो पुरवठा बंद होताच कुठं! परत नोंद, परत नवा नंबर, परत तोच मेसेज. सबडिव्हिजनला गेलं की सेक्शनला जा, सेक्शनला गेलं की साहेब साईटवर. एकदा एक जण खांबाखाली येऊन वर बघून गेला म्हणे, ठिणगी दिसली नाही. भर दुपारी बाइंडिंगच्या (तार इन्सुलेटरला बांधतात त्या वेढ्याच्या) आतली ठिणगी दिसणार कशी?

मग मी अर्जच बदलला आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. रेडिओचा शब्द काढून टाकला. लिहिलं की अमुक फीडरवर अमुक नंबरच्या खांबावर इन्सुलेटरजवळ स्पार्किंग आहे, खाली वाळलेला पाला आहे, ऊस पेटू शकतो, पावसाळ्याआधी दुरुस्त करावे. यातलं काहीच खोटं नव्हतं. दोन प्रती नेल्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही.

त्यानंतर लाईनमन आला, आणि या माणसाला मी मनापासून मानतो. त्याच्या कानाला हेडफोन लावला, यागी वळवून दाखवली, तो लगेच म्हणाला "सर, पिन ढिली असणार, मेंटेनन्सच्या दिवशी परमिट घेऊन चढतो." चढला. मधल्या पिन इन्सुलेटरची बाइंडिंग झिजून सैल झाली होती, चिनीमातीवर काळा पट्टा उठला होता, खालचा नट हातानं फिरत होता. नवीन इन्सुलेटर, नवीन बाइंडिंग. फीडर चालू झाला तेव्हा मी रिगसमोरच बसलो होतो, मीटर एस3 वर आणि सकाळी नेटवर सगळे परत ऐकू आले. इतका आनंद मला नवीन अँटेना लावून पण झाला नव्हता.

राहिलंच, फिरताना पायी फिरा, गाडीच्या इग्निशनचा नॉईज मध्ये येतो. अगदी खांबाखाली रिसीव्हर भरून जातो तेव्हा गेन कमी करा नाहीतर दिशा कळत नाही. डीपीवरचे डीओ (फ्यूज), एबी स्विच (लाईन तोडायचा स्विच) आणि जंपर (जोडतारा) यांच्याकडेही यागी वळवून खालूनच तपासून घ्या, तिथंही हेच होतं. आणि खात्री करायला म्हणून खांबाला काठी मारणं, ताण (खांबाला ओढून धरणारी तार) हलवणं असलं काही कोणी सुचवलं तरी अजिबात करू नका, सैल वायर अंगावर येऊ शकते, खांबाचा नंबर मिळाला की आपलं काम झालं.