वारा आहे, ऊब नाही

माझ्या गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबते. इथे कॅनडात, विनिपेगमध्ये बहुतेकांच्या गाड्यांना असते. थंडीत रात्री ती प्लगला जोडायची, म्हणजे इंजिनाला बसवलेला ब्लॉक हीटर त्यातलं कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं द्रव, कोमट ठेवतो आणि उणे तीसमध्येही सकाळी गाडी मुकाट्याने सुरू होते. आत्या आली होती तेव्हा तिने ती वायर पाहून विचारलं होतं, "अय्या, मोबाइलसारखी चार्ज करता की काय गं गाडी?"

तर या वायरीनेच मला पंधरा दिवस फसवलं. सकाळी निघताना गाडीच्या आतल्या हीटरमधून बऱ्यापैकी कोमट हवा यायची. गल्लीबोळातून, सिग्नलला थांबत जाईपर्यंत चालून जायचं. आठवड्यातून दोनदा मला कामासाठी पोर्टाज ला प्रेरी या शहराला जावं लागतं, ट्रान्स-कॅनडा हायवेने ८५ किलोमीटर. हायवेला लागून शंभरचा वेग धरला की दहा मिनिटांत हवा गार. बाहेर उणे २८, दोन्ही बाजूंना सपाट पांढरं रान, आणि मी गुडघ्यांवर सोलापुरी चादर घेऊन स्टिअरिंग धरलेली. श्वासाची वाफ बाजूच्या काचेवर आतून गोठायची, ती बँकेच्या कार्डाने खरवडायची.

आधी मी केबिनचा फिल्टर बदलला, कारण तो हातमोज्याच्या कप्प्यामागे असतो आणि मला तेवढंच येत होतं. फिल्टरमधून पाचोळा भरपूर निघाला, फरक शून्य. मग एका गॅरेजमध्ये गेले. त्यांनी चावी घेतली, दहा मिनिटांनी परत दिली आणि सांगितलं की हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हवा तापवणारा छोटा रेडिएटर, चोंदलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, ११५० डॉलर. बॉनेट उघडल्याचं मी तरी पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी बाबांना फोन केला. आमचे आठ म्हणजे चिपळूणचे संध्याकाळचे साडेसात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कुंभार्ली घाटात उकळलेल्या इंजिनांवर त्यांची उमर गेली. त्यांच्या उजव्या हाताला कोपराखाली एक गुलाबी चट्टा आहे. गरम रेडिएटरचं झाकण घाईत उघडल्याची ती खूण. इंजिन गार कसं ठेवायचं, हेच ज्यांनी जन्मभर पाहिलं, त्यांना मी विचारत होते की माझं गरम का होत नाही.

"वारा जोरात येतोय?"

"हो, भणाण येतोय."

"मग पंख्याच्या, फिल्टरच्या नादाला लागू नकोस. वारा आहे, ऊब नाही. म्हणजे पाण्याकडे बघ." बाबा कूलंटला पाणीच म्हणतात. "उभ्या गाडीत गरम येतं की पळताना?"

"उभ्या गाडीत जरा बरं. पळवली की गार."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "पाणी कमी असतं तर उलटं झालं असतं, बाय. उभ्या गाडीत गार आणि रेस दिली की गरम. कुणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का तुझ्या गाडीचा?"

हे मला आठवत होतं. आमच्याकडे घाटात गाडी तापायला लागली की कितीतरी जण थर्मोस्टॅट सरळ काढूनच टाकायचे. नसती कटकट. बाबांना ते कधीच पटायचं नाही, पण जीपवाले ऐकतात थोडेच. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. इंजिन गार असेपर्यंत ते बंद राहायला हवं, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं, आणि हीटरला मिळतं ते हेच पाणी. ते दार उघडंच राहिलं तर सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं. चिपळूणला मे महिन्यात त्याने फारसं बिघडत नाही. इथे शंभरच्या वेगाने उणे २८चा वारा रेडिएटरवर आदळतो, तिथे पाणी तापणार कुठून?

"आज रात्री ती वायर लावू नकोस," बाबा म्हणाले. "इंजिन पार थंडगार हवं. उद्या फोन कर. आणि मफलर काढून ये, पट्ट्यात अडकेल."

रविवारी उणे २२. गाडी कण्हत कण्हत सुरू झाली. फोन बॉनेटखाली टेकवला, एक मोजा काढला आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होस पाइपवर हात ठेवला. दार नीट असेल तर हा पाइप बराच वेळ दगडासारखा गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. माझा चौथ्या-पाचव्या मिनिटालाच सुस्तावत कोमट व्हायला लागला. मग हीटरकडे जाणारे दोन पाइप. कोअर चोंदला असता तर एक गरम, दुसरा गार लागला असता. दोन्ही सारखेच कोमट. म्हणजे पाणी कोअरमधून व्यवस्थित फिरत होतं, फक्त ते तापलेलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "डॅशबोर्डला हात लावू देऊ नकोस कुणाला."

खात्रीसाठी मैत्रिणीचं ओबीडीचं डबडं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं) लावून हायवेला एक चक्कर मारली. कूलंट ५६ अंश. कोड पी-०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं तापत नाही. गंमत म्हणजे हा कोड बाबांनी ऐकलाही नव्हता.

थर्मोस्टॅट रबरी रिंगसकट ३६ डॉलरला मिळाला. मैत्रिणीचं गॅरेज आतून गरम असतं, तिथे काम केलं. कूलंटची चव गोड असते आणि ते विषारी असतं, म्हणून आधी तिच्या कुत्र्याला घरात कोंडलं. दहा नंबरच्या पान्याने दोन बोल्ट काढले, झाकण हललं आणि हिरवं कूलंट ट्रेमध्ये कमी, बाहीत जास्त गेलं. जुना थर्मोस्टॅट हातात घेतला. लिंबाच्या फोडीएवढी पितळी चकती, तिच्यावर ८२चा आकडा, आणि गॅरेजच्या वीस अंशांतसुद्धा तिच्या कडेला नख जाईल एवढी फट. फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला. "आ वासून बसलाय," बाबा म्हणाले.

नवा बसवला, निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण भरलं, गाडी सुरू केली. इंजिन ८५वर गेलं आणि हीटरमधून बर्फ! डॅशबोर्डमागे कुणी चूळ भरतंय असा गुळगुळ आवाज. मला रडूच यायला लागलं. बाबा मात्र एकदम खुशीत. "गाडीने एअर घेतलीय, पाण्यात हवा अडकलीय. आता हे आपल्या घरचं काम."

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबायला लावलं, हाताचा चट्टा दाखवून. मग गाडी चढावर, नाक वर करून उभी केली. झाकण उघडं, हीटर फुल्ल गरमवर, इंजिन सुरू. बुडबुडे येत राहिले, पातळी बसत राहिली, मी ओतत राहिले. मध्येच एक मोठी ढेकर आली, कूलंट गप्पकन खाली गेलं, आणि गाडीत बसलेली मैत्रीण आतून ओरडली, "आलं! गरम आलं!"

सोमवारी पोर्टाजच्या अर्ध्या वाटेवर मला कोटाची चेन उघडावी लागली. डबड्यावर ८६.

बुधवारी कूलंटची बाटली पाहिली तर पातळी बोटभर खाली. उरलीसुरली हवा निघाली होती. भरली, दोरीने खूण केली. आज तीन आठवडे झाले, खुणेवरच आहे. जुना थर्मोस्टॅट बाबांनी टाकू दिलेला नाही. येताना घेऊन ये म्हणतात.