बीम वॉलला चिकटलाय, पण मोमेंट जातोय का?

इमारतीच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये शिअर वॉलला (वारा-भूकंपाचे आडवे फोर्स घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीला) बीम जोडला, नोड (जोडबिंदू) एकच आहे, सॉफ्टवेअर काही कुरकुरलं नाही, मग कनेक्शन रिजिड (मोमेंट म्हणजे वाकवणारा जोर पुढे नेणारं) झालंच की, असं धरून चालणारे खूप जण भेटतात आणि त्यांना दोष तरी काय देणार, स्क्रीनवर सगळं मस्त जोडलेलंच दिसतं. पण एकदा बेंडिंग मोमेंट डायग्राम उघडा. बऱ्याचदा वॉलपाशी जिथे चांगला दणदणीत हॉगिंग (बीमची वरची बाजू ताणणारा मोमेंट) यायला हवा तिथे किरकोळ आकडा असतो आणि सगळा मोमेंट मिडस्पॅनला जाऊन बसलेला असतो.

होतं काय, की वॉलच्याच प्लेनमधला बीम नोडला जो मोमेंट देतो त्याचा अक्ष वॉलच्या प्लेनला काटकोनात असतो. यालाच ड्रिलिंग म्हणतात. वॉल मॉडेलमध्ये छोट्या तुकड्यांची (एलिमेंटची) जाळी म्हणजे मेश असते. त्यातल्या साध्या मेम्ब्रेनचा (फक्त प्लेनमधले फोर्स घेणाऱ्या एलिमेंटचा) नोड दोन दिशांना सरकतो, पण फिरण्याला त्याचा विरोधच नसतो, म्हणजे बीम तिथे चक्क हिंज. १९८४ मध्ये ऑलमनने कोपऱ्यांवर रोटेशन असलेला त्रिकोणी मेम्ब्रेन एलिमेंट मांडला, पुढे असे एलिमेंट रुळले आणि आता इटॅब्स, सॅप या सॉफ्टवेअरच्या शेल एलिमेंटमध्ये ड्रिलिंग स्टिफनेस (या फिरण्याला विरोध) असतो, हे खरं. तरी त्याच्या भरवशावर राहू नका. एकाच बिंदूवर मोमेंट दिला की मेश जितकी बारीक तितका तो नोड जास्त फिरतो. बाकी सगळीकडे मेश बारीक केली की उत्तर सुधारतं, इथे बरोब्बर उलटं!

मी सरळ बीम वॉलच्या आत वाढवतो, निदान एक पूर्ण एलिमेंट, शक्यतो बीमच्या डेप्थइतका. मग मोमेंट एका नोडवर न अडकता वर-खाली फोर्सच्या जोडीने वॉलमध्ये उतरतो. आतल्या तुकड्याचं वजन आणि मास शून्य करायचं, नाहीतर डबल मोजलं जातं, आणि तो तुकडा मेशच्या नोडवरच तुटलाय ना ते बघायचं, नाहीतर वॉलवरून नुसती रेघ ओढल्यासारखा पडून राहतो. स्टिफनेस बीमच्या दहा-शंभर पट पुरतो, उगाच दहा लाख पट देऊन मग मॅट्रिक्स इल-कंडिशन्ड (आकड्यांतल्या प्रचंड तफावतीमुळे उत्तर बेभरवशाचं) म्हणून वॉर्निंग आली की डोकं धरून बसायचं, कशाला? दुसरा रस्ता म्हणजे बीमच्या डेप्थमधले वॉलच्या कडेचे नोड रिजिड लिंकने बांधणं. ६०० मिमी डेप्थचा बीम प्रत्यक्षात वॉलची ६०० मिमीची कड धरतो, त्यामुळे हे जास्त खरं, पण मेशची रेघ बीमच्या वर आणि खाली यायला हवी.

खात्री करायची तर वेगळी फाइल घ्या. एक वॉल, तिच्या प्लेनमध्ये ३ मीटरचा ३००×६०० मिमीचा कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला धरलेला) बीम, टोकाला १० किलोन्यूटन. ई (काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस) २५ गिगापास्कल धरला तर हाताने टोकाचं डिफ्लेक्शन साधारण ०.६७ मिमी येतं. वॉल थोडी फिरते म्हणून मॉडेलमध्ये जरा जास्त येईल, ते चालतं. पण पाच-सहा मिमी आलं तर कनेक्शन ढिलं आहे, बाकी काही शोधत बसू नका.

बीम वॉलच्या प्लेनला काटकोनात येऊन टेकत असेल तर मात्र रिजिडचा हट्ट नको. २०० मिमीच्या वॉलमध्ये बीमच्या वरच्या बारला अँकरेजला (काँक्रीटमध्ये पकड घ्यायला) जागा कुठे मिळणार? ड्रॉइंगमध्ये जे बसत नाही ते मॉडेलमध्ये कशाला धरायचं, तिथे मी मुद्दाम मोमेंट रिलीज करतो, म्हणजे हिंज ठेवतो.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो कपलिंग बीमला, म्हणजे दोन शेजारच्या वॉलना जोडणाऱ्या बीमला. तिथे कनेक्शन ढिलं राहिलं की दोन वॉल एकमेकींना मदत न करता वेगवेगळ्या वाकतात, ड्रिफ्ट (मजल्यांचं आडवं सरकणं) वाढतो, आणि बीममध्ये फोर्सच कमी येतात म्हणून तो आरामात पास होतो. लॅटरल लोडची केस लावून दोन्ही वॉलच्या बेसला अॅक्सिअल फोर्स बघा, एकीत टेन्शन आणि दुसरीत कॉम्प्रेशन अशी ठळक जोडी दिसली नाही तर आधी बीमची टोकं तपासा.