छापायच्या आधी विकायला घ्या

"ताई, प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवून वर्ष झालं, उत्तरच नाही, स्वतःच काढू का?" असे मेसेज हल्ली खूप येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. काढा, जरूर काढा. फक्त प्रेसची पायरी चढायच्या आधी एक वही घ्या आणि हे पुस्तक पैसे देऊन घेतील अशा माणसांची नावं त्यात लिहा, नातेवाईक सोडून. शंभर नावं झाली की मग कोटेशन मागवा. बहुतेक जण उलटं करतात, आधी पाचशे प्रती छापून घेतात आणि मग गठ्ठे हॉलमध्ये आले की विचार करतात आता हे द्यायचे कुणाला.

माझं माणदेशातल्या मेंढपाळांवरचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मी आधी हेच केलं. "वाचनाची आवड असलेले सगळे" असा वाचक कुठे नसतोच हो, त्याला शोधायला जाणार कुठे? पण आटपाडी, सांगोला, जत भागातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली माणसं आहेत, माडग्याळ मेंढीवर काम करणारे पशुवैद्य आहेत, होस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी धनगर समाजाची मुलं आहेत, लोकसाहित्य शिकवणारे प्राध्यापक आहेत, आणि या प्रत्येकाचा कुठला ना कुठला व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच. पुस्तकातलं एकेक पान, एखादा फोटो, एखादी ओवी मी तिथे टाकत गेले, विकायचं म्हणून नाही तर लोकांना ते वाचायला खरंच आवडत होतं म्हणून, आणि मग लोकच विचारायला लागले पुस्तक कधी येतंय. कथा-कादंबरीला हे जास्त अवघड जातं हे मान्य, पण तिथेही गोष्ट कुठल्या गावात, कुठल्या धंद्यात घडते ते बघा, पहिले वाचक तिथलेच मिळतील.

मग प्रकाशनपूर्व सवलत. हे आपल्याकडे काही नवीन नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी शंभर वर्षांपूर्वी लिमिटेड कंपनी काढली आणि आगाऊ वर्गणीदार गोळा केले, तेही पोस्टकार्डाच्या काळात. आपल्या हातात तर यूपीआयचा क्यूआर कोड आहे. किंमत अडीचशे असेल तर महिनाभर दोनशेला द्या, पुस्तक हातात कधी पडेल ती तारीख सांगा आणि ती पाळा. वाचकाने न बघितलेल्या पुस्तकाचे पैसे आधी दिलेले असतात, तो विश्वास फार मोठा आहे, त्याला उशीर होणार असेल तर स्वतःहून फोन करून सांगायचं. किती पैसे आगाऊ आले त्यावर पहिली आवृत्ती किती प्रतींची ते ठरवा. शंभर-दीडशे प्रती डिजिटल प्रिंटिंगवर आरामात होतात, पाचशेच्या पुढची खात्री असेल तरच ऑफसेटकडे, म्हणजे प्लेट करून मोठ्या संख्येने छापायच्या पद्धतीकडे, वळा. ऑफसेटला एका प्रतीचा खर्च कमी दिसतो खरा, पण पलंगाखाली पडून राहिलेल्या प्रतींचा खर्च त्यात कुणी धरत नाही.

"प्रकाशन पॅकेज" विकणाऱ्यांपासून जरा सांभाळून. सगळेच वाईट असतात असं नाही, पण माझ्या एका मैत्रिणीने अशाच एका ठिकाणी बरीच रक्कम भरली आणि हातात आलं ते प्रूफंसुद्धा न तपासलेलं पुस्तक, वर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, त्यांच्या नावावर. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो! दिल्लीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे ती, पोर्टलवर लेखक म्हणून स्वतः अर्ज करता येतो. थोडा वेळ लागतो, त्यामुळे कव्हर तयार झालं की लगेच अर्ज टाकून द्या. आणि करारावर सही करायच्या आधी एवढं विचाराच की हक्क कुणाकडे राहणार, छपाईची मूळ फाइल मला मिळणार का, आणि विक्रीचा हिशोब कधी देणार. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी केली नाही तरी, त्यासाठी घाबरवून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पैसे वाचवायचे ते पॅकेजवर आणि प्रकाशन समारंभावर. संपादन आणि मुद्रितशोधनावर अजिबात वाचवू नका. हे मी अगदी तळमळीने सांगतेय. र्‍हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं पुस्तक वाचताना लेखकाने आपल्याला गृहीत धरलंय असं वाटतं, आणि स्वतः काढलेल्या पुस्तकांचं नाव त्यामुळेच खराब झालंय. आपलं लिखाण आपल्याला पाठ असतं, डोळा चुकीवरून सरळ पुढे सरकतो, म्हणून प्रूफं दुसऱ्या माणसाने बघायची आणि शेवटचं प्रूफ कागदावरच बघायचं.

डीटीपीवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावणाऱ्याला, पहिल्याच दिवशी सांगा की काम युनिकोडमध्ये हवंय, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर सारखीच दिसतात त्या अक्षरांत. अजून पुष्कळ ठिकाणी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम चालतं, छापायला ते छान दिसतं, पण उद्या ई-बुक करायचं म्हटलं की कन्व्हर्ट करताना रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरं फुटतात, आणि आख्खं पुस्तक पुन्हा वाचत बसावं लागतं. मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका यासारखे मोफत आणि देखणे फॉन्ट आहेत, पुस्तकाला चालतात. डेमी साइज, आत सत्तर जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद, कव्हरला तीनशे जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, पहिल्या पुस्तकाला एवढं भरपूर झालं. आणि पानांचं गणित बघा, फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, सोळा पानांचा असतो, १६० पानं म्हणजे बरोबर दहा फॉर्म, १६३ झाली की अकरावा फॉर्म उघडतो आणि मागे कोरी पानं राहतात, अशा वेळी तीन पानं कापायला बसलं की बऱ्याचदा पुस्तकाचंही भलंच होतं.

आता किंमत. समजा पुस्तक २५० रुपयांचं आहे आणि छापायला ९० पडले. दुकानदाराला चाळीस टक्के दिले की शंभर गेले, तुमच्याकडे दीडशे आले, त्यातून छपाई वजा केली की साठ उरतात, आणि त्यातच डीटीपी, प्रूफं, कव्हर, कुरिअर, भेट दिलेल्या प्रती सगळं बसवायचंय. म्हणून दुकानात ठेवाच, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पुस्तक दिसलं पाहिजे ही हौस मलाही आहे, पण पोट भरतं ते थेट विक्रीवर. दुकानदाराकडे प्रती ठेवताना चलन, म्हणजे किती प्रती दिल्या त्याची पावती, करून घ्या, तारीख टाकून, आणि ठरल्या वेळी फोन करा. विचारायला लाजू नका, तो व्यवहार आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि अॅमेझॉनवर फक्त पुस्तकंच विकणार असाल तर पॅनवर सेलर अकाउंट उघडता येतं. पोस्टाची रजिस्टर्ड पुस्तकांची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा आम्हा छोट्या लोकांचे फार हाल झाले, पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं आणि आत जाहिराती नकोत. तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते काउंटरवर आधी विचारून घ्या.

ई-बुक कराच. अॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः ई-बुक काढायच्या सेवेवर, मराठी २०१६ च्या शेवटापासून चालतं, त्याला आयएसबीएनही लागत नाही. फक्त भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं, आणि तेवढा काळ ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकता येत नाही, नाहीतर पस्तीस टक्के. अमेरिकेत, दुबईत असलेल्या आपल्या माणसांना कुरिअरपेक्षा हे परवडतं.

समारंभाबद्दल माझं मत जरा कडक आहे. हॉल, शाली, श्रीफळं, पाहुण्यांच्या गाडीचा खर्च, आणि अध्यक्षांनी पुस्तक चाळलेलंही नसतं. त्याच पैशात मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत टेबल टाकून बसले. ज्यांच्यावर पुस्तक लिहिलंय ती माणसं भंडाऱ्याने माखलेल्या हातांनी पुस्तक उलगडून फोटो बघत होती, एका आजोबांनी नातवाकडून दोन पानं मोठ्याने वाचून घेतली आणि एका ओवीचा पाठभेद मला तिथल्या तिथे म्हणून दाखवला, तो दुसऱ्या आवृत्तीत घेतला. असा वाचक हॉलमध्ये मिळत नाही. साहित्य संमेलनात किंवा पुणे पुस्तक महोत्सवात पूर्ण स्टॉलचं भाडं एका पुस्तकाला झेपत नाही, तिथे चार-पाच लेखकांनी मिळून घ्या.

पुस्तक आलं की काही प्रती बाजूला काढा. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठवायची असते, स्वतः प्रकाशक झालात म्हणजे ही जबाबदारीही तुमचीच. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना परिचयासाठी दोन-दोन प्रती. आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचा अर्ज मात्र छापायच्या आधी करायचा, हस्तलिखितावर.

आणि ग्रंथालयं विसरू नका, आपल्या राज्यात गावोगाव अनुदानित सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांची खरेदी होते. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पुस्तक पाठवा, जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाला जा, तिथे ग्रंथपाल स्वतः आलेले असतात. मी आधी आमच्या तालुक्यातल्या वाचनालयांपासून सुरुवात केली, एकेकाला फोन करून, पुस्तक कशावर आहे ते दोन वाक्यांत सांगून. बहुतेकांनी एकच प्रत घेतली, पण ती एक प्रत गावातले किती जण वाचतात ते मला नंतर आलेल्या फोनांवरून कळलं, आणि त्यातल्याच काहींची नावं आता पुढच्या पुस्तकाच्या वहीत आहेत.