कम्पीट म्हणजे नक्की काय करायचं?

मोटिव्हेशनल भाषणांमध्ये एक वाक्य हमखास येतं, की कम्पीट या शब्दाचा मूळ अर्थ 'एकत्र मिळून प्रयत्न करणं' असा आहे म्हणून स्पर्धा म्हणजे खरंतर सहकार्यच, वगैरे वगैरे. टाळ्याही पडतात. आता यात अगदीच खोटं काही नाही, पण अर्धंच सांगितलेलं आहे, आणि मला विचाराल तर उरलेलं अर्धंच जास्त मजेशीर आहे.

शब्द आलाय लॅटिनमधून, कॉम्पेतेरे. यातलं 'कॉम्' म्हणजे सोबत, आणि 'पेतेरे' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दिशेने जाणं, ती मिळवायला धडपडणं, ती मागणं, आणि चक्क कोणावर तरी चाल करून जाणंसुद्धा. म्हणजे विनवणी पण तेच आणि हल्ला पण तेच! पिटिशन यातूनच आलं, ॲपेटाइट यातूनच, रिपीट पण, म्हणजे पुन्हा त्याच गोष्टीच्या मागे जाणं. न्यूटनने १६८७ च्या प्रिन्सिपियामध्ये केंद्राकडे खेचणाऱ्या बलाला सेंट्रिपीटल म्हटलं त्यातला 'पीटल' सुद्धा हाच. तिथे कोणी कोणाला हरवत नाहीये, नुसती दिशा आहे.

अजून मागे गेलात तर इंडो-युरोपियन भाषांच्या मुळाशी 'पेत्' असा एक धातू मानतात, अर्थ झेपावणं, उडणं. आपल्याला ओळखीचा वाटेल कारण संस्कृतमधला पत् तोच, ज्याचा अर्थ उडणं पण होतो आणि पडणं पण, आणि त्यातूनच पत्र, जे आधी पंख होतं, मग झाडाचं पान झालं आणि मग चिठ्ठी. ग्रीकमध्ये प्तेरॉन म्हणजे पंख, तो जाऊन बसला हेलिकॉप्टरमध्ये (लोक हेली आणि कॉप्टर असे तुकडे पाडतात, खरे तुकडे हेलिको आणि प्टर). तर कम्पीट, पत्र आणि हेलिकॉप्टर ही लांबची भावंडं निघाली.

गंमत म्हणजे जुन्या लॅटिनमध्ये कॉम्पेतेरेचा अर्थ बराच शांत होता. एका जागी येऊन मिळणं, जुळणं, योग्य असणं. कॉम्पिटंट हा शब्द तिथून आलाय, म्हणजे लायक, पुरेसा. भाषणवाल्यांचा सगळा भर या बाजूवर. पण त्याच रोममध्ये कॉम्पेतितोर म्हणजे निवडणुकीतला समोरचा उमेदवार, कारण पदासाठी उभं राहणं यालाही पेतेरेच म्हणायचे. कॉन्सुलच्या, म्हणजे रोममधल्या सर्वोच्च पदाच्या, जागा वर्षाला दोन, आणि खडू लावून पांढरेशुभ्र केलेले टोगे (अंगाभोवती गुंडाळायची रोमन वस्त्रं) घालून मतं मागत फिरणारे लोक त्याहून जास्त (कँडिडेट हा शब्द त्या पांढऱ्या रंगावरूनच पडला). एकाच गोष्टीच्या मागे सगळे मिळून धावतायत हे खरं, पण मिळून म्हणजे प्रेमाने नव्हे!

इंग्रजीतही बराच काळ दोन्ही अर्थ चालू होते. शेक्सपिअरच्या अँटनी अँड क्लिओपात्रामध्ये अँटनी मेल्याचं कळल्यावर ऑक्टेव्हियस सीझर (ज्युलियस नव्हे, त्याचा वारस) त्याला माझा भाऊ म्हणतो आणि लगेच पुढे माझा कॉम्पिटिटर, इथे अर्थ साथीदार, आणि हे कोणाबद्दल तर ज्याच्याशी नुकतंच युद्ध केलं त्याच्याबद्दल. एका शब्दात दोघांचं अख्खं नातं आलं की नाही? क्रियापद म्हणून कम्पीट मात्र इंग्रजीत १७व्या शतकात आलं आणि फारसं कोणी वापरलं नाही, १८व्या शतकाच्या शेवटी परत वर आलं, आणि तेव्हाही ब्रिटनमध्ये हा शब्द स्कॉटिश किंवा अमेरिकन समजला जायचा. आज बिझनेसची एक मीटिंग त्याच्याशिवाय होत नाही.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट व्याकरणातली आहे. बीट किंवा डिफीटला समोर माणूस लागतो, अमुकने तमुकला हरवलं. कम्पीटला असं थेट कोणाला धरताच येत नाही, मध्ये विथ, अगेन्स्ट, फॉर असं काहीतरी घालावंच लागतं. त्यात विथ की अगेन्स्ट यावरून लोक वाद घालतात. विथ जास्त जुळतं, कारण 'कॉम्' मध्ये तेच आहे, पण अगेन्स्टवाले म्हणतात की नुसतं विथ लिहिलं तर दोघं एकाच टीममध्ये आहेत की समोरासमोर ते कळत नाही, आणि तेवढं मात्र त्यांचं बरोबर आहे.